स्वतः चालणारी मोटार आणि तिची जाहिरात

नवी वस्तू बाजारात आणणाऱ्या विक्रेत्यापुढे सामान्यतः दोन अडचणी असतात. ग्राहकाला वस्तूची माहिती नसते, आणि माहिती झाली तरी तिच्यावर त्याचा विश्वास बसत नाही. विपणनाच्या आपल्या पाठ्यपुस्तकांतील बहुतेक प्रकरणे या दोन अडचणींभोवतीच फिरतात. साबण असो वा शिवणयंत्र, एकदा का ग्राहकाचा विश्वास बसला की विक्रेत्याचे निम्मे काम झाले. स्वतः चालणाऱ्या मोटारीच्या बाबतीत मात्र एक तिसरीच अडचण उभी राहते व तिच्याविषयी पाठ्यपुस्तके मौन पाळतात. येथे ग्राहकाचा विश्वास कमी पडला तर गाडी विकली जात नाही. विश्वास फाजील बसला तर तो ग्राहक, किंवा रस्त्यावरचा दुसराच कोणी, प्राणास मुकतो.

प्रस्तुत लेखात मी या मोटारीच्या यंत्ररचनेत शिरणार नाही. तो अधिकार अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांचा. मला पाहावयाचे आहे ते एवढेच, की ही वस्तू ग्राहकापुढे कोणत्या शब्दांत मांडली गेली, आणि त्या शब्दांची किंमत कोणी मोजली.

शब्दाची गंमत आपल्या घरापासूनच सुरू होते. ‘ऑटोमोबाईल’ या नावाचाच मूळ अर्थ ‘आपणहून हलणारी’ असा आहे. घोडा जुंपावा लागत नव्हता म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते नाव पडले. मराठीत आपण ‘स्वयंचलित’ म्हणतो. आपल्या या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र त्याच अर्थाने ‘स्वयंचालित’ म्हणतात. पहिल्याचा अर्थ आपोआप हलणारे, दुसऱ्याचा आपले आपण हाकलेले. व्यवहारात दोन्ही भाषांनी हे शब्द घड्याळापासून यंत्रमागापर्यंत सर्वांना सारखेच वापरले आहेत. त्यामुळे उद्या कोणी ‘स्वयंचलित मोटार’ म्हणून जाहिरात दिली, तर ती केवळ गिअर आपोआप बदलणारी आहे की चालकाला झोपू देणारी आहे, हे त्या शब्दावरून कळणार नाही. इंग्रजीचीही गत फारशी वेगळी नाही, आणि त्या संदिग्धतेचाच व्यापार झाला.

चालकाविना धावणाऱ्या मोटारीचे स्वप्न मोटार विकणाऱ्यांनी फार पूर्वीपासून दाखवले आहे. न्यूयॉर्कच्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने ‘फ्युचरामा’ नावाचे भव्य दालन उभारले होते. नॉर्मन बेल गेडीस यांनी रचलेल्या त्या दालनात भविष्यातील महामार्ग व त्यांवरून आपोआप नियंत्रित होणाऱ्या मोटारी यांची प्रतिकृती होती. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील वीज कंपन्यांनी मासिकांतून एक रंगीत जाहिरात दिली. काचेच्या टपाची मोटार महामार्गावरून धावते आहे, आणि आत आईवडील व मुले टेबलाभोवती बसून डॉमिनोज खेळत आहेत. या जाहिरातीत मोटार विकायची नव्हतीच, विकायची होती ती वीज. स्वप्न दाखवणाऱ्याला ते पुरे करण्याची जबाबदारी नव्हती, म्हणून ते निरुपद्रवी होते. २०१५ च्या सुमारास स्वप्न आणि विक्रीची वस्तू एकाच काउंटरवर आली, आणि निरुपद्रवीपणा संपला.

पुढचे समजण्यासाठी एक वर्गवारी माहीत असणे आवश्यक आहे. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये वाहनांच्या स्वयंचलनाच्या शून्यापासून पाचपर्यंत पायऱ्या ठरवून दिल्या. शून्यावर सर्व काही माणूस करतो. पहिल्या पायरीवर यंत्र वेग किंवा सुकाणू यांपैकी एक सांभाळते, दुसरीवर दोन्ही. परंतु दुसरीवरही रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम माणसाचेच. तिसऱ्या पायरीवर ठराविक परिस्थितीत यंत्र पूर्ण कारभार पाहते व माणसाने बोलावणे आल्यावर सूत्रे हाती घ्यावयाची असतात. चौथीवर ठरलेल्या प्रदेशापुरती माणसाची गरजच नसते. पाचवी म्हणजे कोठेही, केव्हाही. पाचवी पायरी आजवर कोणीही विकलेली नाही. परीक्षेच्या दृष्टीने सहाही पायऱ्या लक्षात ठेवाव्यात, पण ग्राहकाच्या दृष्टीने एकच रेषा महत्त्वाची आहे: दुसरी आणि तिसरी यांच्यामधली. त्या रेषेच्या अलीकडे अपघात झाला तर चालक तुम्ही असता. सर्वसामान्य खरेदीदाराला जी गाडी मिळते ती जवळजवळ नेहमी या रेषेच्या अलीकडची असते, आणि जाहिरात मात्र पलीकडची भाषा बोलते.

टेस्ला कंपनीचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. दुसऱ्या पायरीची आपली व्यवस्था तिने ऑक्टोबर २०१५ मध्ये ग्राहकांना दिली व तिचे नाव ठेवले ‘ऑटोपायलट’. कंपनीचे म्हणणे असे की विमानातही ऑटोपायलट असतो आणि तरी वैमानिक जागेवर बसलेलाच असतो. युक्तिवाद खोटा नाही. पण नाव कानावर पडताच सामान्य माणसाच्या मनात काय उभे राहते, याचा विचार जाहिरातशास्त्र करते, वैमानिकाला काय ठाऊक असते याचा नव्हे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक चालकांना पाच कंपन्यांच्या अशा व्यवस्थांची केवळ नावे सांगून प्रश्न विचारले. कोणती व्यवस्था कोणत्या कंपनीची, हे सांगितले नव्हते. ‘ऑटोपायलट’ चालू असताना सुकाणूवरून हात काढणे सुरक्षित आहे असे ४८ टक्क्यांना वाटले. उरलेल्या चार नावांपैकी कोणत्याही नावाला हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या वर गेले नाही. पाचही व्यवस्था एकाच पायरीच्या. फरक पडला तो नावाने. जाहिरातीच्या अभ्यासकाला यापेक्षा स्वच्छ प्रयोग क्वचितच मिळेल.

कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने जाहीर केले की यापुढे बनणाऱ्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलनास लागणारी सर्व उपकरणे असतील, आणि ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ नावाची गोष्ट ती आगाऊ पैसे घेऊन विकू लागली. सोबत एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्या आरंभीच लिहिले होते की चालकाच्या आसनावरचा माणूस केवळ कायद्यासाठी बसला आहे, तो काहीही करत नाही, गाडी स्वतः चालते आहे. या विभागाचे संचालक अशोक एल्लुस्वामी यांनी २०२२ मध्ये एका खटल्यातील जबानीत सांगितले की त्या फेरीचा मार्ग आधी नकाशाबद्ध करून ठेवला होता. चित्रफितीचा उद्देशही त्यावेळी ग्राहकाला मिळत असलेली सेवा दाखवण्याचा नव्हता, पुढे काय शक्य होईल ते दाखवण्याचा होता. चित्रीकरणाच्या खटाटोपात एक गाडी कुंपणावर आदळली होती हेही त्यांनी कबूल केले. या ‘पूर्ण’ सेवेची किंमत सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत १५,००० डॉलरपर्यंत चढली आणि एप्रिल २०२४ मध्ये ८,००० वर उतरली. त्याच वर्षी नावापुढे कंसात ‘देखरेखीखालील’ अशा अर्थाचा शब्द जोडला गेला. पूर्ण स्वयंचलित, पण देखरेखीखाली! आपल्याकडे ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ म्हणतात. येथे दळणाऱ्याला डोळे उघडे ठेवण्याची अट आठ वर्षांनी सांगितली गेली, इतकेच.

हा दोष एकट्या टेस्लाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. मर्सिडीज-बेंझने २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्या ई-क्लास गाडीची अमेरिकेत जाहिरात केली. स्वतः चालणाऱ्या गाडीसाठी जग तयार आहे का, असा प्रश्न तिच्यात होता. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की हे वाहन स्वतः चालू शकत नाही. म्हणजे मथळ्याने जे दिले ते तळटीपेने काढून घेतले. ग्राहक संघटनांनी ओरड करताच जुलैअखेर जाहिरात मागे घेण्यात आली. ओरड एवढ्या तीव्रतेने होण्याचे कारण होते. त्याच वर्षी ७ मे रोजी फ्लोरिडात ऑटोपायलटवर चाललेली एक टेस्ला आडव्या जाणाऱ्या ट्रकखाली घुसली होती व तिचा मालक जागीच ठार झाला होता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले की व्यवस्था चालू असलेल्या ३७ मिनिटांत सुकाणूवर हात असल्याची नोंद केवळ २५ सेकंदांची होती. मंडळाने ट्रकचालकाने वाट न दिल्यावर बोट ठेवले, मोटारचालकाच्या यंत्रावरील अतिविसंबण्यावर ठेवले, आणि असे विसंबून राहणे शक्य करणाऱ्या रचनेवरही ठेवले.

येथे विद्यार्थ्यांच्या मनात प्रश्न येईल: पुस्तिकेत इशारा छापलेला असतो, गाडीच्या पडद्यावर सूचना येते, मग ग्राहकाने ती पाळू नये हा कंपनीचा दोष कसा? याचे उत्तर मोटारीच्या किती तरी आधी देऊन ठेवलेले आहे. लिझान बेनब्रिज या विदुषीने १९८३ मध्ये स्वयंचलनातील विरोधाभासांवर एक निबंध लिहिला. रासायनिक कारखान्यांसारखी यंत्रे तिच्या डोळ्यांसमोर होती. तिचा मुद्दा असा की यंत्र जितके चांगले, तितके त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला करण्यासारखे कमी उरते. ज्याला काही करायचे नसते त्याचे लक्ष टिकत नाही, आणि नेमक्या आणीबाणीच्या क्षणी त्याच्याकडून सर्वाधिक कौशल्याची अपेक्षा केली जाते. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला विचारा, तो हेच सांगेल. शंभर वेळा गाडी सुखरूप घरी आली की ती शंभर फेऱ्यांची सवय हीच सर्वांत प्रभावी जाहिरात ठरते. छापील इशारा एकदाच वाचला जातो, किंवा वाचलाच जात नाही. माझ्या मते म्हणूनच दुसऱ्या पायरीच्या गाडीला तिसऱ्या-चौथ्या पायरीचे नाव देणे ही नेहमीची अतिशयोक्ती समजून सोडून देता येत नाही. ‘सर्वांत शुभ्र धुलाई’ म्हणणारा साबण खोटा ठरला तर सदरा मळका राहतो.

लिझा डिक्सन या संशोधिकेने २०२० मध्ये या प्रकाराला स्वतंत्र नावच दिले, ‘ऑटोनोवॉशिंग’. पर्यावरणाचा देखावा करणाऱ्या कंपन्यांविषयी जो शब्द रूढ आहे त्याच धर्तीवर तो घडवलेला आहे. मराठीत आपण ‘स्वयंचलनाचा मुलामा’ म्हणू.

दुसरी एक वाट आहे, आणि ती विपणनाच्या दृष्टीने मला अधिक बोधप्रद वाटते. गूगलने २००९ मध्ये सुरू केलेला प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये ‘वेमो’ नावाची स्वतंत्र कंपनी झाला. मे २०१४ मध्ये त्यांनी एक लहानगी, गोल तोंडाची दोन आसनी गाडी दाखवली होती. तिला सुकाणूच नव्हते. बाहुलीसारखे तिचे रूप मुद्दाम निवडलेले होते हे उघड आहे. अशा चेहऱ्याची भीती वाटत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी अॅरिझोना राज्यात लोकशिक्षणाची मोहीम काढली. मोहिमेत भागीदार कोण, तर मद्यपी चालकांविरुद्ध लढणारी मातांची संघटना, अंध मुलांसाठी काम करणारी संस्था, वृद्धांसाठी काम करणारी संस्था. ज्यांना गाडी चालवता येत नाही, किंवा ज्यांचे कोणी दुसऱ्याच्या चालवण्याने गेले, त्यांच्या तोंडून ही वस्तू बोलू लागली. डिसेंबर २०१८ मध्ये फिनिक्स शहर परिसरात पैसे घेऊन प्रवासी नेणे सुरू झाले. प्रारंभी आत कंपनीचा माणूस बसलेला असे. ऑक्टोबर २०२० पासून तेथील सामान्य लोकांना माणसाविना प्रवास करता येऊ लागला.

लक्षात घ्या, वेमोने मोटार विकली नाही, फेरी विकली. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात नवी गोष्ट समाजात पसरण्याच्या ज्या अटी सांगितल्या त्यांत ‘थोडक्यात करून पाहता येणे’ ही एक आहे. लाखोंची गाडी करून पाहता येत नाही, दहा मिनिटांची फेरी येते. आणि फेरी घेणाऱ्याकडे कोणतीच देखरेख सोपवलेली नसल्यामुळे, त्याचा विश्वास फाजील झाला तरी बिघडत नाही. तिसरी अडचण येथे जवळजवळ नाहीशी होते. जानेवारी २०२१ मध्ये वेमोने जाहीर केले की ‘सेल्फ-ड्रायव्हिंग’ हा शब्द आपण यापुढे वापरणार नाही, कारण इतर त्याचा सैल वापर करतात व लोकांचा गैरसमज होतो. प्रतिस्पर्ध्यांनी शब्द इतका बाटवला की तो खऱ्या अर्थाने ज्याचा होता त्यालाच टाकून द्यावा लागला. खोटे नाणे खऱ्याला बाजारातून हुसकते, हा अर्थशास्त्रातील नियम शब्दांनाही लागू पडतो तो असा.

अविश्वासाचेही तसेच आहे. तो एका कंपनीपुरता राहत नाही. मार्च २०१८ मध्ये अॅरिझोनातील टेंपे येथे उबरच्या चाचणीतील गाडीने सायकल घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला चिरडले. अमेरिकन मोटारवाल्यांच्या संघटनेच्या पाहणीत, पूर्णतः स्वयंचलित गाडीत बसण्याची भीती वाटते असे सांगणारे चालक २०१७ च्या अखेरीस ६३ टक्के होते. ते एप्रिल २०१८ मध्ये ७३ टक्के झाले. गाडी उबरची, भीती सर्वांची. २०२५ मध्येही हा आकडा ६१ होता. येथे लिफ्टची गोष्ट आठवते. बटण दाबून चालणारी लिफ्ट विसाव्या शतकाच्या आरंभी तयार होती, पण चालक नसलेल्या लिफ्टमध्ये लोक पाय ठेवीनात. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर १९४५ मध्ये लिफ्टचालकांचा संप झाला, इमारती ठप्प झाल्या, आणि मालकांना चालकाविना लिफ्टची खरी गोडी लागली. मात्र लिफ्टच्या वाटेत कोणी सायकल घेऊन येत नाही, हे विसरून ही उपमा फार ताणू नये.

या दोहोंच्या मधली एक वाटही आहे, जबाबदारी हाच गुण म्हणून विकण्याची. व्होल्वोच्या प्रमुखांनी २०१५ मध्ये सांगितले होते की गाडी स्वयंचलित अवस्थेत असताना घडलेल्या अपघाताची जबाबदारी कंपनी घेईल. पुढे मर्सिडीजने तिसऱ्या पायरीची व्यवस्था मे २०२२ पासून जर्मनीत विकली. महामार्गावरील गर्दीत, ताशी ६० किलोमीटरपर्यंतच ती चाले. तेवढ्या मर्यादेत मात्र चालकाला रस्त्यावरून नजर काढण्याची मुभा होती. सहा वर्षांपूर्वी तळटीपेत मोडणाऱ्या कंपनीने या वेळी मर्यादा मथळ्यात आणली. अर्थात असा माल आकर्षक वाटत नाही. ‘पूर्ण’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यापुढे ‘ताशी साठ, तेही गर्दीत’ म्हणणारा फिका पडणारच. प्रामाणिक विक्रेत्याला बाजारात होणारी ही शिक्षा कायद्यानेच कमी होऊ शकते.

कायदा उशिरा आला. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२३ पासून अंशतः स्वयंचलित गाडीला पूर्ण स्वयंचलनाचा भास देणारे नाव वा जाहिरात करण्यास मनाई केली. तेथील मोटार वाहन विभागाने टेस्लाविरुद्ध केलेल्या तक्रारीत डिसेंबर २०२५ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी कंपनीची भाषा दिशाभूल करणारी ठरवली. ब्रिटनचा स्वयंचलित वाहनांचा कायदा मे २०२४ मध्ये संमत झाला. त्याने सरकारला काही शब्द व चिन्हे फक्त मान्यताप्राप्त वाहनांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार दिला आहे, म्हणजे शब्दालाच परवाना! मायामीच्या ज्यूरीने १ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेला निकाल मला या सर्वांहून महत्त्वाचा वाटतो. ऑटोपायलट चालू असलेल्या गाडीचा चालक २०१९ मध्ये खाली पडलेला फोन उचलायला वाकला, आणि गाडीने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दोघांना धडक दिली. त्यांतली बावीस वर्षांची तरुणी मरण पावली. ज्यूरीने एकतृतीयांश दोष कंपनीकडे दिला व दंडासह सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर देण्यास सांगितले. कंपनीने अपील करण्याचे जाहीर केले. त्या तरुणीने गाडी विकत घेतली नव्हती. टेंपेच्या स्त्रीनेही नाही. ‘ग्राहकाने सावध राहावे’ हे जुने सूत्र जिथे लागूच पडत नाही अशी ही माणसे आहेत.

आपल्याकडे काय? केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात, चालकविरहित मोटारी भारतात येऊ देणार नाही असे सांगितले. लाखो चालकांची भाकरी हे त्यांचे कारण. पण यावरून हा प्रश्न आपल्या दारात आलेला नाही असे समजू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये एमजी कंपनीने ग्लॉस्टर गाडी भारतात आणली ती ‘ऑटोनॉमस लेव्हल १’ अशा शब्दांत. पहिल्या पायरीला ‘स्वायत्त’ म्हणणे म्हणजे ग्रामपंचायतीला सार्वभौम म्हणण्यासारखे आहे. पायऱ्या ठरवणारी एसएई स्वतःच हे विशेषण टाळावे असे सांगते. ऑगस्ट २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० दुसऱ्या पायरीची साधने घेऊन आली, आणि सुकाणू सोडून मांडी घालून बसलेल्या चालकांच्या चित्रफिती लवकरच मोबाईलवर फिरू लागल्या. येथील एका विक्री-दालनात मी विचारपूस केली, तेव्हा विक्रेता तरुण मोठ्या उत्साहाने म्हणाला, “सर, हात सोडलं तरी चालतंय बघा, गाडी आपली आपण जाते की.” त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला तसेच शिकवलेले होते. पण ही व्यवस्था रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या पाहून चालते, आणि जुलैच्या पावसात चोर्ला घाटात त्या पट्ट्या शोधायला तो मला घेऊन गेला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. केंद्रीय प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत व पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. महत्त्वाची माहिती दडवणे हेही त्या व्याख्येत बसते. दालनात तोंडी बोललेले वाक्य त्यात कसे बसवायचे, हा वकिलांनी चर्चा करण्याचा विषय आहे.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी यंदा प्रकल्पासाठी हाच विषय दिला आहे. कोणत्याही पाच गाड्यांची जाहिरात-पत्रके व त्यांच्या मालक-पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. पत्रकात मोठ्या टाइपात दिलेले प्रत्येक साधन पुस्तिकेत किती अटींनी बांधले आहे ते मोजावे. पाऊस, धूळ, वळण, जनावरे, पुसट पट्ट्या यांचा उल्लेख कोणत्या पानावर येतो ते टिपून ठेवावे. आणि ती पुस्तिका मराठीत वा कन्नडमध्ये मिळते का, हेही दालनात विचारून यावे.